पान जागचे न हलता : असमकालिक वेबचा उगम

मार्च १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ हा ब्राउझर आला. त्यात एक्सएमएलएचटीटीपी नावाचा एक छोटा घटक होता. कंपनीच्या ई-मेल प्रणालीची वेब आवृत्ती बनवणाऱ्या गटातील ॲलेक्स हॉपमन यांनी तो लिहिला होता. एक्सएमएलशी त्याचा संबंध फारसा नव्हता. त्या नावाच्या ग्रंथालयात त्याला जागा मिळाली, म्हणून ते नाव चिकटले, इतकेच. आलेले पत्र दाखवण्यासाठी सारे पान पुन्हा मागवावे लागू नये, एवढाच त्या गटाचा हेतू होता.

हा हेतू किती मोठा होता, हे त्या काळचे भारतीय वापरकर्ते चांगले जाणत. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले आणि रेल्वेची तिकिटे ऑगस्ट २००२ पासून संकेतस्थळावर मिळू लागली. घराघरांत होते ते दूरध्वनीच्या तारेवरचे मोडेम. सेकंदाला ५६ किलोबिट हा त्याचा आदर्श वेग धरला, तरी १०० किलोबाइटचे पान उतरण्यास सुमारे १४ सेकंद लागत. एक चौकट बदलली, की पुन्हा तेवढेच. आवश्यक तेवढी ५०० बाइट माहितीच मागवली, तर वहनाचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो.

तरीही हे तंत्र पाच वर्षे जवळपास दुर्लक्षित राहिले. मोझिला आणि सफारी यांनी ते उचलले. पण जावास्क्रिप्टकडे पाने सजवण्याचे खेळणे म्हणून पाहण्याची प्रोग्रामरांची सवय सुटली नव्हती. ती सुटली जीमेल (१ एप्रिल २००४) आणि गूगल मॅप्स (फेब्रुवारी २००५) यांमुळे. नकाशाचे लहान लहान चौकोन केले होते; माऊसने नकाशा सरकवला, की केवळ नव्याने दिसू लागणारे चौकोन मागवले जात. वस्तुतः हे चौकोन म्हणजे साध्या प्रतिमा. त्यांना एक्सएमएलएचटीटीपीची गरजही नव्हती. महत्त्वाची होती ती कल्पना : मागणी पाठवून वाट पाहत थांबायचे नाही, वापरकर्त्याचे काम चालू ठेवायचे आणि उत्तर येईल तेव्हा ते जागच्या जागी बसवायचे. १८ फेब्रुवारी २००५ रोजी जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले. शोध जुना, नाव नवे. पण प्रसार झाला तो नावानंतरच.

अडचणी मात्र लगेच दिसू लागल्या. शोधचौकटीत कोणी आधी 'ना' व मग 'नागपूर' टंकले, तर दोन मागण्या जातात. पहिलीचे उत्तर उशिरा आले, तर 'नागपूर'च्या खाली नाशिक-नांदेडची यादी झळकते. पाठवल्याच्या क्रमाने उत्तरे येतील, याची हमी नसते. उत्तर आल्यावर काय करायचे याच्या सूचना एकमेकींच्या पोटात घालत गेल्याने प्रोग्राम वाचणे अवघड होई; २०१५ मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाणात 'प्रॉमिस' आणि २०१७ मध्ये 'असिंक-अवेट' आले, तेव्हा तो त्रास बराच निवळला. मागे जाण्याचे बटण आणि अंधांसाठी पडदा वाचून दाखवणारी साधने यांची आबाळ मात्र दीर्घकाळ झाली. तिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले गेले नाही, असे मला वाटते.

सर्वांत कठीण प्रश्न पैशांचा. तिकिटाचे पैसे भरताना जोडणी तुटली, तर मागणी वाटेतच हरवली की उत्तर, हे ब्राउझरला कळू शकत नाही. 'रिफ्रेश करू नका' ही पाटी त्या अज्ञानातून आलेली आहे. म्हणूनच काळजीपूर्वक रचलेल्या प्रणालीत प्रत्येक व्यवहाराला आधीच एक स्वतंत्र क्रमांक दिला जातो; तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर सर्व्हर पैसे न कापता पहिलेच उत्तर पुन्हा पाठवतो.