चंद्रपूरचा बर्फ, परळीचा कोळसा

बीडमधून बोलतोय, आणि आजचा विषय आहे महाराष्ट्रातली हिमनदी. हसू नका, खरंच होती.

1856 मध्ये ओडिशातल्या तालचेर इथे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांना बारीक गाळात रुतलेले मोठाले धोंडे दिसले. हे बर्फाचं काम असावं, असं त्यांनी सुचवलं. उष्ण देशात बर्फ? लोकांना पटेना. मग 1870 च्या दशकात फेडन या भूवैज्ञानिकाला चंद्रपूरजवळ, पैनगंगेकाठी इरई इथे घासून गुळगुळीत झालेला, ओरखडे पडलेला चुनखडक सापडला. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता, तेव्हाच्या या खुणा. आपला बीडचा काळा दगड त्यापुढे फक्त साडेसहा कोटी वर्षांचा!

आता ओरखडे कसे पडतात? बर्फाचा तळ खडकाला गोठून चिकटला, तर तो जवळपास सरकतच नाही. तो घसरतो तळाशी पाणी असलं की. गरम वाटी ओल्या ओट्यावर उपडी ठेवा. आतली हवा तापून वाटीला किंचित उचलते आणि वाटी आपोआप सरकते. हिमनदीखाली हेच काम पाण्याचा दाब करतो. बर्फाचं थोडं वजन पाणी पेलतं, घर्षण कमी होतं, वेग वाढतो.

2002 मध्ये झ्वॅली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ग्रीनलंडचा बर्फ उन्हाळ्यात वितळायला लागला की जोरात सरकतो. सगळ्यांना धास्ती बसली. पण 2010 मध्ये शूफ यांनी गणितातून दुसरी बाजू मांडली: पाणी सतत वाहिलं तर बर्फाखाली स्वतःचे बोगदे कोरतं, दाब उतरतो आणि वेगही. आपल्याकडे पहिल्या पावसात तुंबलेली नाली नंतर मोकळी होते ना, तसं. म्हणजे किती पाणी आलं यापेक्षा किती अचानक आलं, हे महत्त्वाचं.

म्हणून निर्धास्त राहायचं का? नाही. वेग कमी झाला तरी वितळणं थांबत नाही, आणि ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे 7 मीटर चढेल.

आणि गंमत बघा. चंद्रपूरचा तो बर्फ गेला, त्याच्या गाळावर पुढे दलदलीची जंगलं वाढली, त्यांचा कोळसा झाला. भारतातला बहुतेक दगडी कोळसा त्याच गोंडवन काळातला. परळीचं वीज केंद्र कोळशावरच चालतं. एक बर्फ गेल्यावर जे साठलं, ते जाळून आपण दुसरा बर्फ वितळवतोय.

मोबाईल चार्जिंगला लावताना एवढं लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात!