पोर्ट मद्याची पारख

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण ती बहुधा मूल मोठे होऊन नावारूपाला आल्यानंतर वापरतो. आजच पाळण्यात डोकावून त्या पायांविषयी निकाल द्या आणि त्या निकालावर आपले द्रव्य व आपली अब्रू लावा, असे कोणी म्हटले तर आपल्यापैकी किती जण पुढे सरसावतील याची आम्हांस शंका आहे. असा पाळण्यातले पाय पाहण्याचा धंदा करणारी काही घराणी पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या आसऱ्याने पिढ्यानुपिढ्या नांदत आली आहेत. मात्र ती पाय पाहतात ते मुलांचे नव्हे, मद्याचे.

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मद्याचा विषय काढणे काहींना रुचणार नाही. ज्या मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, त्याच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना संकोच वाटावा हे साहजिकच आहे. म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो की मद्याची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांस कुतूहल आहे ते काळाच्या करणीचे. नवे मद्य जड आणि जुने हलके, हा भेद आपल्या वाग्भटानेही केला आहे. जुना तांदूळ, जुना गूळ यांची महती आपल्या घरोघरी ठाऊक आहे. परंतु कोणते नवे मुरवण्याच्या लायकीचे आहे हे नवेपणीच कसे ओळखावयाचे? पोर्टचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास आहे असे आम्हांस वाटते.

उत्तर पोर्तुगालमध्ये डोरू नावाची नदी आहे. तिच्या दोन्ही काठांवर पाटीच्या दगडासारख्या, थराथरांच्या खडकाचे उभे डोंगर आहेत. हा खडक फोडून, ताली रचून पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षे लावलेली आहेत. उन्हाळ्यात तेथे आग ओकणारे ऊन पडते. काढणी झाली की द्राक्षे ग्रॅनाइटच्या उथळ टाक्यांत घालून पायांनी तुडवावयाची, ही तेथील जुनी रीत. उत्तम मालासाठी ती आजही काही ठिकाणी पाळतात. रस आंबू लागतो आणि दोनतीन दिवसांत त्यातील साखर निम्म्यावर आली की त्यात द्राक्षांचाच जवळजवळ ७७ टक्के तीव्रतेचा मद्यार्क ओततात. साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर मद्यार्क, असे हे प्रमाण आहे. त्यासरशी आंबणे थांबते, उरलेली साखर तशीच राहते आणि सुमारे २० टक्के मद्यार्काचे गोड, जाड, काळपट जांभळे मद्य तयार होते. पुढल्या वसंतात ते नदीच्या मुखाशी, पोर्तोसमोरच्या व्हिला नोव्हा द गाया या गावातील थंड, दमट वखारींत येते. पूर्वी राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या नावा ही पिंपे खळाळत्या प्रवाहातून खाली आणीत.

हे मद्य इंग्रजांच्या गळी उतरले ते राजकारणामुळे. फ्रान्सशी वैर असल्यामुळे इंग्लंडला फ्रेंच मद्य नकोसे झाले, आणि १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज मद्यावर फ्रेंच मद्यापेक्षा एकतृतीयांश कमी जकात ठरली. खप वाढला, आणि खप वाढला की भेसळ येतेच. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या झुडपाच्या फळांचा रस मिसळू लागले. नाव बदनाम झाले, भाव कोसळले. १७५४ साली पोर्तोतील इंग्रज वखारवाल्यांनी पत्र लिहून सारा दोष डोरूच्या बागाइतदारांवर ढकलला. तेव्हा या युक्त्या तुम्हीच आम्हांला शिकविल्या, असा त्यांना उलट जबाब मिळाला.

चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ साली. त्यानंतर सतरा वर्षांनी, १७५६ साली, त्याच पोर्तुगालच्या एका कर्तबगार आणि कठोर मंत्र्याने या प्रकरणात हात घातला. पोंबालचा मार्क्विस म्हणून तो पुढे ओळखला गेला. त्याने एक सनदी कंपनी स्थापून व्यापार तिच्या ताब्यात दिला, डोरूच्या खोऱ्याची हद्द आखली, हद्दीवर तीनशेंहून अधिक ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि एल्डरबेरीची झाडे उपटून टाकण्याचा हुकूम काढला. कायद्याने आखलेल्या जगातील अगदी पहिल्या काही मद्यसीमांपैकी ही एक होय. तिची किंमत गरिबांनी मोजली. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ साली पोर्तोत दंगल उसळली आणि सरकारने कित्येकांना फासावर चढविले. पोर्टची कीर्ती गाणाऱ्यांनी हे विसरू नये. तथापि हेही खरे की, कोणते पाणी कोठले हे निश्चित झाल्याशिवाय पारख संभवत नाही. ज्या मद्याच्या मुळाचा भरवसा नाही, त्याचे वीस वर्षांनंतरचे भविष्य कोण सांगणार?

दुसरी गोष्ट घडली ती बाटलीमुळे. जुन्या काळची बाटली बुटकी, पोट सुटलेली असे. तिला आडवे ठेवता येत नसे. अठराव्या शतकात ती हळूहळू उंच, सरळ अंगाची झाली. आता ती आडवी निजविता येऊ लागली, बूच मद्याने ओले राहू लागले, ते सुकून आक्रसण्याची भीती उरली नाही. १७७५ सालचे पोर्ट हे असे बाटलीत मुरविलेले पहिले पोर्ट म्हणून सांगण्याची प्रथा आहे. सर्वोत्तम सालचे मद्य दोनअडीच वर्षे लाकडी पिंपात ठेवून गाळल्यावाचून बाटलीत भरावयाचे आणि पुढचे काम काळोखावर व काळावर सोपवावयाचे, हेच ते ‘व्हिंटेज’ पोर्ट.

बाटलीत होते तरी काय? द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन नावाचे तुरट द्रव्य उतरते. कडक चहाने जीभ जशी सुकते तसा त्याचा गुण. हे टॅनिन आणि सालीतील रंगद्रव्य यांचे कण वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. मद्याचा तुरटपणा व रंग दोन्ही अशा रीतीने कमी होतात आणि बाटलीच्या आतल्या बाजूला साक्याची खपली धरते. म्हणून बाटलीच्या वरच्या अंगाला चुन्याचा पांढरा फराटा ओढीत. बाटली हलविली तरी पुन्हा तीच बाजू वर राहावी आणि खपली मोडू नये. पिताना बाटली आधी उभी ठेवून, साका खाली बसू देऊन, वरचे निवळ मद्य हलक्या हाताने दुसऱ्या पात्रात ओतून घ्यावे लागते.

आता पारखीकडे वळू. कोवळे व्हिंटेज पोर्ट पेल्यात घेतले तर पेल्याच्या पलीकडचे बोट दिसत नाही. कडेला पिकल्या जांभळाचा रंग चढतो. वासात करवंदा-जांभळासारख्या काळ्या फळांचा दरवळ आणि व्हायोलेटच्या फुलांची झाक असते; परंतु मद्यार्क नाकाला वेगळा झोंबतो. घोट घेतला की आधी गोडी, मग आग, मग हिरड्यांना धरून बसणारा तुरटपणा. मद्यार्क येथे, गोडी तेथे, तुरटपणा तिसरीकडे. नव्या घरात जमलेल्या एकमेकांना अनोळखी पाहुण्यांसारखी ही मंडळी वागतात. पारखी घोट गिळीत नाही. तोंडात घोळवून थुंकतो, आणि तोंडात काय व किती वेळ उरते हे पाहतो.

सामान्य माणूस फसतो तो येथेच. जे कोवळेपणीच मऊ, गोड, आर्जवी लागते ते बहुधा लवकर विझते. पारखी शोधतो तो तुरटपणा, कारण तोच पुढल्या वाटचालीची शिदोरी असतो. पण नुसता तुरटपणाही कामाचा नाही. त्याला पुरून उरेल इतका फळाचा गाभा हवा, आणि गोडीला तोलून धरणारा आंबटपणा हवा. एरवी टॅनिन विरेपर्यंत फळच आटून जाते आणि वीस वर्षांनी हाती नुसता रुक्षपणा लागतो. शिवाय वाटचाल सरळ नसते. पहिली चारपाच वर्षे फळाच्या बहराने मद्य खुलून दिसते. मग ते मुके होते, वास नाही, रस नाही, नुसता हट्ट. या मुक्या वर्षांत ज्याने निकाल दिला त्याने उत्तम मद्यालाही नापास केले असते. वीसएक वर्षांनी ते बोलू लागते. जांभळा रंग माणकासारखा, मग विटकरी होतो आणि सगळे पाहुणे एका पंक्तीला बसतात.

मद्यार्क मिसळण्याच्या या रीतीलाच एका मोठ्या माणसाचा विरोध होता. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी १८३१ साली पोर्तोला आला. त्याने डोरूच्या खोऱ्याचे उत्कृष्ट नकाशे काढले. मद्यार्क न घातलेले शुद्ध मद्यच खरे पोर्ट, असे त्याने १८४४ साली पुस्तिका लिहून हिरिरीने मांडले. तो वाद हरला. १८६१ साली त्याच नदीच्या खळाळात नाव उलटून त्याचा अंत झाला. त्याचे म्हणणे पोरकट नव्हते. कोवळ्या पोर्टमध्ये मद्यार्क उपरा वाटतो हे आम्ही वर सांगितलेच. काळाने मात्र त्या उपऱ्याला घरचा केला.

पोर्टची घराणी दरसाल व्हिंटेज जाहीर करीत नाहीत. सरासरी दहा वर्षांत तीन वेळा करतात. मद्य पिंपात दुसरे वर्ष काढीत असताना नमुने चाखून हा निर्णय होतो, आणि पोर्तोची सरकारी मद्यसंस्था आपल्या परीक्षकांकडून ते मद्य चाखून मान्यता देते. येथे जिभेइतकाच बाजारही बोलतो. १९२७ चे पोर्ट तीसएक घराण्यांनी जाहीर केले आणि इंग्लंडची तळघरे भरून गेली. मग १९२९ ची मंदी आली. १९३१ चे मद्य अप्रतिम निघाले. पण घेणार कोण? बहुतेक घराणी गप्प बसली. किंता दो नोव्हालसारख्या एकदोघांनीच धैर्य केले. आज १९३१ चे नोव्हाल विसाव्या शतकातील श्रेष्ठ पोर्टमध्ये गणले जाते. इतरांच्या जिभा चुकल्या नव्हत्या. जिभेने जे सांगितले ते ऐकण्याची ऐपत त्या वर्षी त्यांना नव्हती. पारखीच्या चुकांत ही चूक आम्हांस सर्वांत करुण वाटते.

इंग्लंडच्या सधन घरांत एक प्रथा होती. मूल जन्मले की त्या वर्षीचे एक पिंप, म्हणजे सुमारे सातशे बाटल्या, बाप किंवा धर्मपिता तळघरात ठेवीत असे. मूल एकवीस वर्षांचे झाले की ते त्याचे. १९७० च्या सालापर्यंत पिंपे इंग्लंडला जात व तेथील व्यापारी ती बाटल्यांत भरीत. १९७४ पासून व्हिंटेज पोर्ट पोर्तुगालमध्येच भरले जावे असा दंडक झाला. आता तळघरेही कमी झाली आणि सबुरीही. १९९४ चे मद्य १९९६ साली बाटलीत गेले. १९९७ साली अमेरिकेतील ‘वाइन स्पेक्टेटर’ने त्यातील फोन्सेका आणि टेलर यांना वर्षाचे सर्वोत्तम मद्य ठरविले. बाटलीत जेमतेम वर्ष काढलेल्या मद्याचा हा राज्याभिषेक! पुष्कळ लोक ते तेव्हाच पिऊन मोकळे झाले. त्यांनी काही पाप केले असे नव्हे. कोवळेपणीचा बहर हाही एक आनंद आहे, आणि मद्यार्काची प्रत सुधारल्यामुळे अलीकडचे पोर्ट पूर्वीइतके उग्रही नसते. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून जे गोड मद्य विकले जाते त्याचा डोरूशी संबंध नावापुरताच, हेही येथे सांगून ठेवू.

तरीसुद्धा त्या जुन्या धर्मपित्याचा विचार आमच्या मनातून जात नाही. पिंप ठेवताना तो बहुधा चाळिशीचा, पन्नाशीचा असेल. मद्य बोलू लागेल तेव्हा आपण असू की नसू, हे त्याला ठाऊक नव्हते. पाळण्यात त्या दिवशी दोघे जण निजलेले होते आणि दोघांचेही पाय त्याला नीटसे दिसत नव्हते. त्याने हिशेब केला, चव घेतली, जाणत्यांना विचारले आणि तळघराला कुलूप घातले. आपण मुलांविषयी, विद्यार्थ्यांविषयी, नव्या लेखकांविषयी जे झटपट निकाल देतो, ते किती वेळा त्या मुक्या वर्षांत दिलेले असतात, हे एकदा तपासून पाहावयास हरकत नाही.