बर्लिनची भिंत पडली, मग मतदारसंघाची सीमा कुठे आखली? गोष्ट फ्रीडरिक्सहाइन-क्रॉइत्सबर्गची

जर्मनीच्या संसदेचा, म्हणजे बुंडेस्टागचा एक मतदारसंघ असा आहे, ज्याच्या मधोमध एकेकाळी बर्लिनची भिंत होती. नावही लांबलचक आहे : बर्लिन-फ्रीडरिक्सहाइन-क्रॉइत्सबर्ग-प्रेन्झलाउअर बेर्ग पूर्व.

यातला क्रॉइत्सबर्ग हा भाग पश्चिम बर्लिनमध्ये होता, उरलेले दोन पूर्व बर्लिनमध्ये. क्रॉइत्सबर्ग आणि फ्रीडरिक्सहाइनच्या मधून श्प्रे नदी वाहते आणि ओबरबाउम पूल दोघांना जोडतो. 2001 मध्ये बर्लिनचे 23 प्रशासकीय विभाग कमी करून 12 केले गेले, तेव्हा नदीच्या दोन्ही काठांचा मिळून एकच विभाग झाला.

मतदारसंघ कसा तयार झाला?

2002 च्या निवडणुकीपासून देशातले मतदारसंघ 328 वरून 299 वर आले. बर्लिनचे 13 होते, ते 12 झाले. विभाग 12 आणि मतदारसंघही 12, म्हणजे हिशोब सोपा वाटतो. पण लोकसंख्या अशी समान वाटलेली नसते. सरासरीपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त फरक शक्यतो नको आणि 25 टक्क्यांच्या पुढे गेला तर सीमा बदलावीच लागते, असा नियम आहे. शिवाय मोजणीत फक्त जर्मन नागरिक धरले जातात. त्यामुळे मोठ्या पान्को विभागातून प्रेन्झलाउअर बेर्गचा पूर्वेकडचा तुकडा काढून इकडे जोडला गेला.

सीमा सुचवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला सात जणांचा आयोग असतो. मात्र तो फक्त शिफारस करतो, शेवटचा निर्णय संसदच कायदा करून घेते. म्हणजे ज्यांना निवडून यायचंय, तेच सीमा मंजूर करतात!

सीमा बदलल्याचा फटका कोणाला?

पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी पक्षाचा वारसा असलेल्या पीडीएस पक्षाला. जर्मनीत संसदेत गट म्हणून यायला 5 टक्के मतं लागतात, पण तीन मतदारसंघ थेट जिंकले तर ही अट माफ होते. 1994 मध्ये पीडीएसला 4.4 टक्केच मतं होती. तरी पूर्व बर्लिनमधल्या चार विजयांमुळे त्यांना 30 जागा मिळाल्या. त्या चारपैकी दोन होते मिटे-प्रेन्झलाउअर बेर्ग आणि फ्रीडरिक्सहाइन-लिश्टेनबर्ग. 2002 च्या फेररचनेत हे दोन्ही मतदारसंघ मोडले. पीडीएसला 4 टक्के मतं पडली, थेट विजय दोनच मिळाले आणि अख्ख्या संसदेत त्यांचे दोनच खासदार उरले. अर्थात सगळं खापर सीमेवर फोडता येणार नाही, कारण 1998 मध्ये पक्षाला 5.1 टक्के मतं होती, तीही घटली होती.

आणि फायदा कोणाला?

ग्रीन पक्षाचे हान्स-क्रिस्टियान श्ट्रोबेले यांना. अफगाणिस्तानात सैन्य पाठवायला विरोध करणारे श्ट्रोबेले स्वतःच्याच पक्षाला जड झाले होते. पक्षाने यादीत त्यांना खात्रीची जागा दिली नाही, म्हणून ते थेट मतदारांकडे गेले. ‘श्ट्रोबेलेंना मत म्हणजे फिशरना ताप’ अशा अर्थाची त्यांची घोषणा गाजली. योश्का फिशर म्हणजे त्यांच्याच पक्षाचे परराष्ट्रमंत्री. 31.6 टक्के मतं घेऊन श्ट्रोबेले जिंकले. ग्रीन पक्षाने देशात थेट जिंकलेली ही पहिलीच जागा.

पुढे 2005, 2009 आणि 2013 मध्येही तेच निवडून आले. तोपर्यंत देशात दुसरा एकही मतदारसंघ ग्रीन पक्षाला थेट जिंकता आला नव्हता. 2017 आणि 2021 मध्ये त्याच पक्षाच्या जनान बायराम जिंकल्या.

2025 मध्ये मात्र डी लिंके पक्षाचे पास्काल मायजर यांनी ही जागा घेतली. डी लिंके म्हणजे पीडीएसचाच पुढचा अवतार. मतदारसंघाचा क्रमांक 84 वरून 83 आणि आता 82 झाला आहे, कारण इतर राज्यांतल्या जागा कमी-जास्त झाल्या की पुढचे सगळे क्रमांक सरकतात.