चौक सवाशिणींचा, पुरस्कार कुणाचा?

१/ मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये उंबरमाळी हे लहानसे स्थानक आहे. शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्याबरोबर वारली समाजही राहतो. वारली चित्रे आज साड्यांवर, कपांवर आणि सरकारी इमारतींच्या भिंतींवर दिसतात. या कलेला राजमान्यता कशी मिळाली आणि ती नेमकी कुणाला मिळाली, हे या धाग्यात पाहू.

२/ प्रथम मूळ चित्र. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर ‘चौक’ लिहिला जातो. भिंत शेणाने आणि गेरूने सारवायची, तांदळाच्या पिठाचे पाणी करायचे आणि बांबूच्या काडीने रेघ ओढायची. चौकात पालघट देवी असते. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चौकावाचून लग्न लागत नाही. विवाहविधी चालवते आणि गाणी गाते ती धवलेरी, म्हणजे तीही स्त्रीच.

३/ या चित्राखाली सही नसते. ते जपूनही ठेवत नाहीत. लग्न पार पडते, पुढे पावसाळे येतात, भिंत पुन्हा सारवली जाते आणि चौक मातीत मिसळतो. ज्या हातांनी तो लिहिला, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

४/ आता पुरस्कार या संस्थेकडे वळू. ब्रिटनमध्ये पुस्तकांतील चित्रांसाठी १९५५ साली केट ग्रीनअवे पदक सुरू झाले. पहिल्या वर्षी पदकास योग्य असे एकही पुस्तक परीक्षकांना आढळले नाही, म्हणून १९५६ साली एडवर्ड आर्डिझोन हे पहिले मानकरी ठरले. या पद्धतीला तीन गोष्टी लागतात: एक नाव, एक कलाकृती आणि एक वर्ष. चौकाकडे यातले काहीच नाही.

५/ भारतात १९६५ पासून कुशल कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार दिले जाऊ लागले. त्यांनाही नाव हवे होते आणि हलवता येईल अशी वस्तू हवी होती. भिंत दिल्लीला नेता येत नाही, कागद नेता येतो. म्हणून या इतिहासात कागदाचे आगमन ही निर्णायक घटना ठरते.

६/ हा कागद घेऊन आलेला माणूस मराठी होता. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार. बिहारमध्ये १९६६-६७ चा दुष्काळ पडला असताना पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ते मिथिलेत गेले. तिथे लग्नघरातील भिंतींवर कोहबर रंगवणाऱ्या स्त्रियांना त्यांनी कागद दिला. हेतू असा की, चित्रे विकून चार पैसे घरात यावेत.

७/ त्याचे फळ लवकर दिसले. जगदंबा देवी यांना १९७० साली राष्ट्रीय पुरस्कार आणि १९७५ साली पद्मश्री मिळाली. पुढे १९८१ साली सीता देवी आणि १९८४ साली गंगा देवी पद्मश्रीच्या मानकरी झाल्या. भिंतीवर चित्र काढणाऱ्या स्त्रियांची नावे प्रथमच राजपत्रात आली.

८/ हेच कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या आरंभी डहाणूच्या बाजूला आले. गंजाडजवळ त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. आई लहानपणीच वारली आणि त्या धक्क्याने हा मुलगा बोलेनासा झाला, मातीत रेघा काढून तो आपले म्हणणे सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगतात. लग्नाचा प्रसंग नसतानाही रोज चित्र काढणारा हा पुरुष वारल्यांमध्ये नवलाचाच होता.

९/ म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिसियां द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. त्याच प्रदर्शनात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचे मातीने रंगवलेले वर्तुळही होते. लाँग यांना त्याच वर्षी टर्नर पारितोषिक मिळाले. पुढे २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे या दोघांचे संयुक्त प्रदर्शन भरले.

१०/ म्हसे यांना २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. योगायोग असा की, २०११ च्या त्याच पद्मश्री यादीत मिथिलेच्या महासुंदरी देवी होत्या. दोन्ही परंपरा लग्नघरातील स्त्रियांच्या. मिथिलेचा चेहरा स्त्री ठरली, वारलीचा चेहरा पुरुष.

११/ असे का झाले? मिथिलेत कागद मुळातच स्त्रियांच्या मिळकतीसाठी वाटला गेला. वारली पाड्यांवर विधीबाहेर चित्र काढणारा हात आधी एका पुरुषाचा दिसला आणि विधीचे बंधन नसल्याने त्याच्यामागून इतर पुरुषही कागदाकडे वळले. चौक मात्र सवाशिणींकडेच राहिला. म्हसे यांच्या प्रतिभेला यामुळे उणेपणा येत नाही. त्यांची बारीक, थरथरती, जिवंत रेघ त्यांचीच होती. पण पुरस्काराला जे दिसले त्याचीच नोंद झाली.

१२/ पुढे २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. या मान्यतेचे स्वरूप वेगळे आहे, कारण ती एका व्यक्तीऐवजी समाजाला आणि प्रदेशाला मिळते. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. तोवर गंजाड आणि उंबरमाळी एकाच जिल्ह्यात होती. तरी मानांकन नक्कल रोखण्याचा कायदेशीर आधार देते, चौक लिहिणारीचे नाव ते लिहून ठेवत नाही.

१३/ जिव्या सोमा म्हसे १५ मे २०१८ रोजी निवर्तले. त्यांचे नाव टिकले, कारण कुणीतरी ते विचारले आणि लिहून ठेवले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढे तर करता येतेच. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर लग्नाला गेलात आणि भिंतीवर चौक दिसला, तर फोटो काढण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या. मग तो कुणी लिहिला ते विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर ती नावे, गाव आणि तारीख वहीत टिपून ठेवा.