तीन रजिस्टरं आणि फोरट्रान

मंडळी, मी तत्त्वज्ञानाचा माणूस. संगणकावर काय बोलणार, असं वाटेल. पण साधन आणि विचार यांचं नातं हा माझा जुना विषय, आणि आजचं उदाहरण त्यातलंच आहे.

१९५३ साली जॉन बॅकस यांनी आयबीएमच्या ७०१ या यंत्रासाठी ‘स्पीडकोडिंग’ ही प्रणाली तयार केली. प्रोग्राम लिहिणं सोपं झालं, पण चालवताना प्रत्येक सूचनेचा अर्थ यंत्राला पुन्हा पुन्हा लावावा लागे. म्हणजे काम संथ. तरीही ते खपून गेलं. का? तर ७०१ला फ्लोटिंग पॉइंटचं गणित मुळात येतच नव्हतं. त्यातली साधी बेरीजसुद्धा छोट्या प्रोग्रामकडून करून घ्यावी लागे आणि बहुतेक वेळ तिथेच जाई. त्या आडोशाला साधनाचा आळस लपला.

१९५४मध्ये ७०४ जाहीर झालं. फ्लोटिंग पॉइंटची सोय आता थेट प्रोसेसरमध्ये, शिवाय तीन इंडेक्स रजिस्टरं. रांगेतला पुढचा आकडा घ्यायला सूचनेतला पत्ता दर वेळी बदलत बसायला नको. झालं, आडोसा गेला! गणित झटपट होऊ लागलं आणि अर्थ लावण्यातला वेळ उघडा पडला. यंत्र वेगवान झालं म्हणून साधन संथ ठरलं.

फोरट्रानचा जन्म या पेचातला. कंपायलरचा कोड हातानं लिहिलेल्या कोडच्या तोडीचा नसेल तर कोणी तो वापरणार नाही, ही बॅकस यांची धास्ती होती. अनुभवी प्रोग्रामरांचा यावर विश्वासच नव्हता. सहा महिन्यांत होईल म्हणता म्हणता १९५७चा एप्रिल उजाडला.

बरीच डोकेफोड झाली ती त्या तीन रजिस्टरांपायी. कंपायलर आधी हवी तितकी रजिस्टरं आहेत असं धरून चाले, मग सगळं तिनांत बसवी. कुठली किंमत जवळ ठेवायची, कुठली स्मृतीत ढकलायची? लोइस हेब्ट यांनी लिहिलेला भाग प्रोग्राम जणू मनातल्या मनात चालवून बघे, फाटा आला की नाणं उडवल्यासारखा रस्ता निवडे, आणि कुठला तुकडा किती वेळा चालतो ते मोजे. त्या मोजणीवरून शेल्डन बेस्ट यांचा भाग रजिस्टरं वाटे. (मला तर हे ऐकून संभाव्यतेचं तत्त्वज्ञान शिकवायला नवा दाखलाच मिळाला.)

आणि ७०४च्या ३६ बिटांच्या शब्दात सहा-सहा बिटांची सहाच अक्षरं मावत, म्हणून चलांची नावंही सहा अक्षरांपर्यंतच. ७०४ केव्हाच मागे पडलं, पण ही मर्यादा फोरट्रान ७७च्या मानकातही होती. फोरट्रान ९०नं ती ३१वर नेली.