फादर स्टीफन्स मराठी कां शिकले?

परकी भाषा शिकावयास बुद्धि लागते, हें खरें. परंतु नुसत्या बुद्धीनें ती जिभेवर बसत नाहीं. अंतःकरणांत ओढ असावी लागते. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र याची साक्ष देतें.

इंग्लंडांत जन्मलेले हे धर्मगुरु 1579 सालीं गोव्यास आले. साष्टींतील नवख्रिस्ती जनांचीं जुनीं पुराणें बंद झालीं होतीं, आणि त्यांच्या जागीं स्वभाषेंत वाचावयास कांहींच नव्हतें. ‘मग आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं?’ अशा आशयाचा प्रश्न एका ब्राह्मणानें केल्याचें फादरांनीं स्वतःच ग्रंथारंभीं सांगितलें आहे. ती उणीव त्यांनीं आपली मानली. 1616 सालीं राचोल येथें सुमारें 11,000 ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून निघालें. 1619 सालीं ते निवर्तले. त्यांचें कोंकणी व्याकरण 1640 सालीं प्रसिद्ध झालें.

परदेशस्थानें आमच्यासाठीं आमची भाषा आपलीशी केली. आज आमच्याच कांहीं घरांतून मुलांस मराठी प्रार्थना परकी वाटूं लागली आहे. त्यांस शिक्षकापूर्वीं ती ओढ हवी. आणि ती देणें आम्हां आईबापांचेंच काम आहे. या महोत्सवीं आम्ही प्रभूपाशीं तेंच मागतों.