साडेत्रेसष्ट वॉटचा हिशेब

1981 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीला आणला, तेव्हा त्याच्या पेटीतल्या पॉवर सप्लायची क्षमता होती 63.5 वॉट. यातला वरचा अर्धा वॉट लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाच व्होल्टवर 7 अँपिअर म्हणजे 35 वॉट. बारा व्होल्टवर 2 अँपिअर म्हणजे 24. उणे बारावर पाव अँपिअर म्हणजे 3. आणि उणे पाचवर 0.3 अँपिअर म्हणजे दीड. बेरीज करून पाहा, बरोबर साडेत्रेसष्ट येते. कुणी त्याचे गोल 65 केले नाहीत, कारण तो आकडा गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी नव्हताच. कॉम्प्युटर घेणारा पॉवर सप्लाय वेगळा निवडत नसे. तो यंत्राबरोबर येई आणि त्याचा हिशेब यंत्राच्या तांत्रिक पुस्तिकेत मांडलेला असे. पुढच्या चाळीस वर्षांत हा डबा सुटा विकला जाऊ लागला, आकडा 450, 750, 1000 असा चढत गेला, आणि चांगला डबा ओळखायच्या खुणाही बदलल्या: आधी वजन, मग वॉट, मग पदक. यातली एकही खूण निव्वळ खोटी नव्हती. पण प्रत्येकीने जे सहज मोजता येतं तेवढंच दाखवलं. पॉवर सप्लाय कसा आहे हे तो बिघडतो कसा यावरून कळतं, आणि नेमकं हेच मोजायला बाजाराला सर्वांत जास्त वेळ लागला, असं मला हा सगळा इतिहास पाहून वाटतं.

वजनाची खूण जुन्या काळातली, आणि त्या काळात ती रास्तही होती. साध्या लिनिअर पॉवर सप्लायमध्ये 50 हर्ट्झवर चालणारा लोखंड-तांब्याचा ट्रान्सफॉर्मर असे. जास्त वॉट हवे तर जास्त लोखंड लागे, त्यामुळे हातात तोलून अंदाज करणं चुकीचं नव्हतं. घरगुती कॉम्प्युटरमध्ये हे गणित बदललं ते 1977 च्या ॲपल टूपासून. रॉड होल्ट या इंजिनिअरने त्यासाठी स्विचिंग पद्धतीचा हलका, कमी तापणारा सप्लाय बनवला. ही पद्धत त्याने शोधली नव्हती, मोजमापाच्या महाग उपकरणांत ती आधीच शिरली होती. पण लोकांच्या टेबलावर ती अशा यंत्रांतून आली. आपल्या बाजारात या डब्याला आजही त्या पद्धतीच्याच नावाने, एसएमपीएस म्हणूनच ओळखतात. यात 230 व्होल्टची वीज थेट डीसी केली जाते, तिचे सुमारे 325 व्होल्ट होतात, ते जाड कपॅसिटरमध्ये साठतात, आणि ट्रान्झिस्टर त्यांचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो. एवढ्या वेगावर ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा पुरतो. मात्र या हलकेपणाची किंमत आहे. डब्याच्या अर्ध्या भागात घरातली वीज खेळते आणि उरलेला अर्धा भाग आपण बोटांनी हाताळतो त्या पेटीशी, यूएसबीच्या खाचेशी जोडलेला असतो. मधली भिंत म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आतली पिवळी टेप आणि सर्किट बोर्डावर कोरी सोडलेली काही मिलिमीटरची पट्टी. ही भिंत 3000 व्होल्ट मिनिटभर सोसते की नाही, हे सुरक्षेची मानकं तपासतात. दुकानात उभं राहून कुणालाही ते दिसत नाही. तरीही हातात तोलून पाहायची सवय गेली नाही. युरोपात 2001 पासून हार्मॉनिक्सचे, म्हणजे उपकरणं वीज ओढताना तिच्या लहरीत जी विकृती आणतात तिचे नियम लागू झाले, तेव्हा अनेक उत्पादकांनी स्वस्त उपाय म्हणून लोखंडी गाभ्याची एक मोठी कॉइल आत बसवली. डबे पुन्हा जड झाले, पण त्या वजनाचा मधल्या भिंतीशी काही संबंध नव्हता.

1995 मध्ये इंटेलने एटीएक्सचा आराखडा ठरवला आणि कुणाचाही डबा कुणाच्याही पेटीत बसू लागला. ही मोठी सोय होती. आपल्याकडचा असेम्बल्ड कॉम्प्युटरचा धंदा अशाच सोयींवर फोफावला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांच्या भावावर घासाघीस होई. एसएमपीएस मात्र बहुधा कॅबिनेटबरोबर आलेला असे. त्याच्या अंगावर वॉटचा ठसठशीत आकडा असे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत अँपिअरचा तक्ता. खरी माहिती त्या तक्त्यात होती. तक्त्यातली प्रत्येक ओळ त्या व्होल्टेजची स्वतंत्र कमाल सांगते. सगळ्या कमाली एकाच वेळी मिळतात असं नाही, म्हणून चांगला उत्पादक एकत्रित मर्यादाही छापतो. शिवाय 2000 साली पेंटियम फोर आला, प्रोसेसरची भूक पाच व्होल्टवरून बारा व्होल्टवर गेली, आणि त्यासाठी चार पिनांचा वेगळा प्लग जोडावा लागला. जुन्या घडणीचे डबे मात्र पाच आणि 3.3 व्होल्टवरच दणकट होते. आता कुणी न मागणारे ते वॉट बेरजेत धरून आकडा फुगवता येत होता, आणि तो फुगवला गेला. आयबीएमची बेरीज एकाच वेळी मिळणाऱ्या विजेची होती. या डब्यांवर छापलेली बेरीज तशी नव्हती. दुरुस्तीच्या टेबलावरची कसोटी तर याहून साधी होती. वीस पिनांच्या प्लगमधली हिरवी तार पेपरक्लिपने काळीला जोडायची. पंखा फिरला की एसएमपीएस चालू. डबा सुरू होतो एवढंच त्यातून कळतं.

स्वस्त डब्यात नेमकं काय वगळलेलं असतं, ते त्याच्या बोर्डावरच वाचता येतं. वीज जिथे आत शिरते तिथे कॉइलची आणि कपॅसिटरची बाह्यरेषा पांढऱ्या शाईत छापलेली असते, भोकं पाडलेली असतात, आणि त्यांत काहीच बसवलेलं नसतं. कॉइलच्या जागी तारेचा एक तुकडा डागलेला असतो. म्हणजे आराखडा करणाऱ्याला फिल्टर हवा होता, माल भरणाऱ्याने तो काढला. फिल्टर नसला तरी कॉम्प्युटर सुरू होतोच, म्हणून काटछाटीत त्याचा नंबर पहिला. यात एक गोष्ट फार फसवी आहे. फिल्टरमधले दोन लहान कपॅसिटर विजेच्या दोन्ही तारांतून पेटीकडे जोडलेले असतात. घराला अर्थिंग नसेल तर पेटीवर विजेचं जवळपास अर्धं व्होल्टेज तरंगत राहतं आणि स्पर्श केला की बोटांना झिणझिण्या येतात. प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण माणूस दचकतो आणि डब्याला दोष देतो. फिल्टर काढून टाकलेला डबा कमी झिणझिणतो! चांगला डबा वाईट वाटावा आणि वाईट चांगला, अशी ही गत. आणि अर्थिंगविना वायरिंग झालेली घरं आपल्याकडे काही थोडीथोडकी नव्हती. दुसरी गोष्ट वाटाण्याएवढ्या कपॅसिटरची. एटीएक्सच्या डब्यात कॉम्प्युटर बंद असतानाही पाच व्होल्टचा एक छोटा पुरवठा चालूच राहतो. जुन्या स्वस्त घडणीत त्याचं व्होल्टेज काबूत ठेवणारा एक कपॅसिटर गरम भागांना खेटून बसवलेला असे. तो दोन-तीन वर्षांत सुकला की पाचाचे सहा, सात, आठ व्होल्ट होत जात, आणि वर लक्ष ठेवणारं कुणी नसल्याने मदरबोर्ड मरे. दोष मदरबोर्डावर ढकलला जाई, नवा बोर्ड त्याच डब्याला जोडला जाई.

2004 मध्ये अमेरिकेत 80 प्लस ही योजना सुरू झाली. जेमतेम 65-70 टक्के कार्यक्षमतेच्या डब्यांत उरलेली वीज उष्णता होऊन जात होती. 20, 50 आणि 100 टक्के लोडवर किमान 80 टक्के कार्यक्षमता ही या योजनेची अट. 2007 मध्ये अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमाने ती उचलली, पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशी पदकं आली. या योजनेवर टीका करताना एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे: कार्यक्षमता वाढवायची तर चांगले ट्रान्झिस्टर, चांगले कपॅसिटर, नवी घडण लागतेच, म्हणून पदक हा दर्जाचाही पुरावा नाही का? बऱ्याच अंशी आहे. बाजारातला अगदी टाकाऊ माल मागे पडला त्याचं मोठं श्रेय या योजनेला द्यायला हवं. पण ही चाचणी होते सुमारे 23 अंश तापमानात, मूळ योजनेत ती 115 व्होल्टवर होत असे, आणि उत्पादकाने दिलेल्या नमुन्यावर होत असे. चंद्रपूरच्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत काय तापमान असेल, याचा अंदाज कुणीही करू शकेल. आणि महत्त्वाचं म्हणजे शॉर्ट झाला, लोड वाढला, पंखा अडकला तर डबा स्वतःहून बंद पडतो का, हे पदक देणारे विचारत नव्हते. ते त्यांचं कामही नव्हतं. ऊर्जाबचतीचं प्रशस्तिपत्र लोकांनी सुरक्षेचं म्हणून वाचलं.

हा प्रश्न विचारला तो स्वतंत्र परीक्षकांनी. 2000 नंतरच्या दशकात इंटरनेटवर काही मंडळींनी इलेक्ट्रॉनिक लोड आणि ऑसिलोस्कोप घेऊन डबे तपासायला सुरुवात केली. जॉनीगुरू हे नाव त्यात ठळक झालं. गरम हवेच्या पेटीत ठेवून पूर्ण लोड द्यायचा, बारा व्होल्टवरची तरंगणारी खळबळ एटीएक्सच्या 120 मिलिव्होल्टच्या आत राहते का ते पाहायचं, मग लोड आणखी वाढवायचा आणि डबा शहाणपणाने बंद होतो की धडाडतो ते नोंदवायचं. धडाडल्यावर झाकण उघडून आतले भाग मोजायचे. सायप्रसच्या सायबेनेटिक्सने पुढे हेच काम प्रयोगशाळेच्या शिस्तीत आणलं आणि तीन बिंदूंऐवजी लोडच्या असंख्य जोड्यांवर मोजणी सुरू केली. या पद्धतीची गरज 2021 मध्ये सर्वांना पटली. गिगाबाइटच्या 750 आणि 850 वॉटच्या दोन मॉडेलांवर 80 प्लस गोल्डची मोहोर होती. स्वतंत्र चाचण्यांत त्यांचे डबे स्फोट होऊन जळाले. कंपनीने त्या वर्षी ऑगस्टमध्ये निवेदन काढून सांगितलं की जादा लोडवर बंद पडण्याची मर्यादा 120 ते 150 टक्क्यांवरून 110 ते 120 टक्क्यांवर आणली आहे, आणि ठरावीक क्रमांकांचे डबे बदलून देऊ केले. गोल्डच्या तिन्ही बिंदूंवर हे डबे उत्तीर्ण होते. त्यांची उणीव 100 टक्क्यांच्या पुढे होती, जिथे ती योजना पोचतच नव्हती.

यावर व्यवहारी माणूस विचारेल की घराघरांत, सायबर कॅफेत, सरकारी कचेऱ्यांत स्वस्त एसएमपीएस दहा-दहा वर्षं चालले, त्याचं काय? चाललेच. साधा ऑफिसचा कॉम्प्युटर शंभर वॉटही घेत नाही, त्यामुळे 450 चा शिक्का असलेल्या डब्यावर त्याच्या खऱ्या ताकदीइतकाही भार कधी आला नाही. तो डबा परीक्षेलाच बसला नव्हता. आणि जे जळाले त्यांच्या खाती लोडशेडिंग, वीज येता-जातानाचे झटके, नशीब असं काहीही मांडलं गेलं. स्वस्त कॉम्प्युटरमुळे लाखो घरांत हे यंत्र पोचलं, हा युक्तिवाद मला मोलाचा वाटतो. मात्र फिल्टर, फ्यूज आणि बंद पडण्याचं सर्किट यांचा खर्च अख्ख्या यंत्राच्या किमतीत फार लहान असतो. ते काढून वाचलेले पैसे गिऱ्हाइकाला दिसलेही नसतील. दुसरा आक्षेप सरकारी मोहोरेचा. भारतात 2012 च्या आदेशाने कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर अशा पंधरा वस्तूंना बीआयएसची नोंदणी सक्तीची झाली, 2014 मध्ये यादीत पॉवर अडॅप्टर, यूपीएस, मोबाइल आले. ही पावलं योग्यच होती, कारण सुरक्षेचं मानक मधल्या भिंतीची आणि आगीची काळजी घेतं. पण हार्ड डिस्कला पोचणारं व्होल्टेज किती स्वच्छ आहे, हे ते मानक पाहत नाही, आणि एका नमुन्याची तपासणी दहा हजाराव्या डब्याची हमी देत नाही.

अलीकडचा आराखडा पाहिला की काम किती नाजूक झालं आहे ते कळतं. 2022 च्या एटीएक्स 3.0 नुसार मोठ्या डब्याने सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता दुप्पट भार सोसला पाहिजे, कारण ग्राफिक्स कार्ड तसे हिसके देतं. आणि तोच भार टिकून राहिला तर मात्र बंद पडलं पाहिजे. त्याच आराखड्यात आलेल्या 600 वॉटच्या नव्या प्लगमध्ये दोन बारीक तारा आहेत, त्या कार्डाला सांगतात की इथून 150, 300, 450 की 600 वॉट मिळतील. छापील आकड्याची जागा अशी तारेने घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून हे प्लग वितळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, आणि नीट न बसलेला प्लग हे एक कारण निघालं. 2023 च्या सुधारणेत त्या निरोप देणाऱ्या पिना थोड्या आखूड केल्या. आता प्लग पूर्ण बसला नसेल तर त्या पिना टेकत नाहीत, आणि कार्ड वीज मागतच नाही.